पराते काकांची सूज

आमच्या कॉलनीतले पराते काका माणसाच्या तोंडाकडे नंतर पाहतात, आधी ताटाकडे पाहतात. लग्नाच्या बुफेत वधूपित्याला नमस्कार करायचा राहून जाईल, पण एखाद्याच्या ताटातली वाढीव पुरी त्यांच्या नजरेतून सुटायची नाही. ते हळूच मागून येतात, खांद्यावर हात ठेवतात आणि घरातलं गुपित सांगावं तसं कानात सांगतात, "सूज हाय गा हे. सूज."

काकांची सूज पायाला किंवा गालाला येणारी नव्हे. ती आत असते. दिसत नाही, दुखत नाही. साखर, तळण, तंबाखू-सुपारीचा खर्रा, जागरण आणि दिवसभराची बैठक यांवर ती पोसत राहते आणि मग कधी मधुमेह म्हणून, कधी हार्ट म्हणून बाहेर येते. काकू गेल्या त्याच्या पुढच्याच वर्षी काकांच्या छातीत कळ आली. सकाळी कळ, दुपारी रक्तवाहिनीत स्प्रिंग. सुटी देताना डॉक्टर म्हणाले, तुमच्या रक्तवाहिन्यांना आतून सूज आहे, खाणंपिणं आणि राहणं बदला. जन्मभर वीज खात्यात लाइनमन म्हणून खांबावर चढलेल्या माणसाला हे एका झटक्यात पटलं.

"तार आतून गरम होत राह्यते," ते समजावून सांगतात. "वरून कव्हर चकाचक. मंग एक दिवस भडका! लोक म्हणते, अचानक झालं. अचानक काही नाही होत बाप्पा. तार कधीची सांगून राहिली होती, तुमाले वास नाही आला."

दवाखान्यातून आल्या दिवशी त्यांनी खर्रा सोडला. नागपूरच्या माणसानं खर्रा सोडणं ही काय चीज आहे, ते बाहेरच्यांना कळणार नाही. पानठेलेवाला थोडे दिवस वाट पाहून घरी चौकशीला आला. तो सुतकी चेहरा करूनच आला होता.

इथवर ठीक होतं. पण एकदा सूज सापडल्यावर काकांना ती सगळीकडे दिसायला लागली. समोरच्या देवतळ्यांची स्कूटर सुरू होईना, तर काका म्हणाले, "खराब तेल पाजता, सूज आली तिले." नवराबायकोचं भांडण ऐकू आलं की म्हणणार, "झोप होऊन नाही राहिली दोघांची. सूज."

माझा नवरा प्रशांत मिहानमधल्या एका कंपनीत दिवसभर खुर्चीत बसतो. त्याच्या साखरेचा रिपोर्ट काठावर आला. मी काकांपाशी सहज बोलून गेले आणि दुसऱ्या दिवशी उजाडतं न उजाडतं तोच फाटक वाजलं.

"उठ गा प्रशांत! खुर्ची तुले खाऊन राहिली!"

तेव्हापासून रोज फिरणं. वाटेत तेलकट-तिखट रस्सा ओतलेल्या तर्री-पोह्याचा ठेला लागतो. तो आला की काका प्रशांतच्या आणि ठेल्याच्या मधून चालतात, रस्त्यात लहान पोराला आडोसा द्यावा तसे. एका रविवारी प्रशांत एकटाच सटकला. प्लेट हातात येऊन पहिला घास तोंडात जातो न जातो, तर काका समोर.

"काका, टमाटरचा रस आहे नुसता," प्रशांत म्हणाला. त्याच्या ओठांवर तेलाचा लाल तवंग होता.

काकांनी प्लेट हातात घेतली. वास घेतला. डोळे मिटले. मग चमचा मागून एक घास खाल्ला आणि गेलेल्या सोयऱ्याची आठवण काढावी अशा आवाजात म्हणाले, "भिवापुरी मिरची हाय." प्लेट परत करत त्यांनी निकाल दिला, "अर्धी खा. आन घरी लांबच्या रस्त्यानं जाऊ."

खरं सांगायचं तर प्रशांतची साखर उतरली. आमच्याकडे ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, अंबाडीची भाजी परत आली. "हे तर माझी आजीच खायची," मी एकदा म्हटलं.

"मंग! तिचे गुडघे कधी दुखले का?"

आजी रोज गुडघ्यांना तेल चोळून घ्यायची. पण काकांचा चेहरा इतका फुलला होता की मी म्हटलं, "कधीच नाही."

काकांना हरलेलं मी एकदाच पाहिलं. कॉलनीच्या गणपतीला त्यांनी मोदकांऐवजी जवसाचे लाडू वाटले. पोट्टे नाराज. देवतळ्यांची छोटी चिऊ लाडू हातात धरून मूर्तीसमोर उभी राहिली आणि तिनं विचारलं, "काका, बाप्पाच्या पोटात पण सूज हाय का?"

काकांनी मूर्तीच्या पोटाकडे पाहिलं. मग म्हणाले, "देवाचं वेगळं राह्यते वं." संध्याकाळी मोदक आले.

या उन्हाळ्यात सावनेरहून माझ्या सासूबाईंना आम्ही इकडे आणलं. न्यूमोनियातून त्या उठल्या, पण जेवण तुटलं ते तुटलंच. खिचडी नको, वरण नको, पेज नको. घास पुढे केला की तोंड भिंतीकडे. डॉक्टर म्हणाले, आता पथ्य राहू द्या, मागतील ते द्या, पोटात काहीतरी जाऊ द्या. पण त्या काही मागतच नव्हत्या. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. प्रशांत ऑफिसातून आला की आधी आईच्या ताटावरचं झाकण उचलून पाहायचा आणि परत ठेवायचा.

एका दुपारी काका आले. खाटेशेजारी खुर्ची ओढून बसले. मला वाटलं, आता हळद, आता जवस. ते वाकून म्हणाले, "माय, काय खावंसं वाटते?"

आईंनी तोंड भिंतीकडून त्यांच्याकडे वळवलं. मग ओठ हलले. "गुलगुले."

गूळ, कणीक आणि कढईभर तेल. मी काकांच्या तोंडाकडे पाहिलं. ते उठले आणि तडक निघून गेले. मला वाटलं, रागावले.

काही वेळानं ते डबा घेऊन आले. मनगटावर तेल उडाल्याचा ताजा लाल डाग होता. गुलगुले वेडेवाकडे झाले होते, एकदोन काळेही पडले होते. त्यांनी एक मोडला, फुंकर घातली आणि आईंच्या ओठांशी नेला. आईंनी खाल्ला. हळूहळू, डोळे मिटून, सगळा खाल्ला. मी दाराला धरून उभी होते.

मग आईंनी डोळे उघडले आणि काकांचा हात धरला. "किसना," त्या म्हणाल्या, "तू जेवला का रे?"

किसना म्हणजे आईंचा धाकटा भाऊ. तो जाऊन कितीतरी वर्षं झाली. मी पुढे होऊन सांगायला गेले, "आई, हे पराते काका..." काकांनी माझ्याकडे न पाहताच हातानं मला थांबवलं.

"नाही वं अक्का," ते म्हणाले. "नाही जेवलो."

आईंनी डब्यातला गुलगुला चाचपून काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. काकांनी तो खाल्ला. खाताना मान खाली होती.

फाटकापर्यंत मी सोडायला गेले. चप्पल घालता घालता ते म्हणाले, "तुमची काकू इचारे, जेवले का. खांबावर असलो तरी फोन करून इचारे." मग फाटकाची कडी काढत, "मायले उद्या भाकर कुस्करून देजो दुधात. मी येतो."

ते आले, आणि तेव्हापासून रोज येतात. बारा वाजले की आई दाराकडे पाहत बसतात. मी भाकरी टाकायला घेते, काका स्वतःच पाट मांडतात. मग किसना जेवतो, आणि त्याच्याकडे पाहत पाहत अक्काही जेवते.