दामूअण्णांचा टावर

दामूअण्णांना कोणी कसलाही पत्ता विचारला, तरी ते आधी वर बोट करत. वर त्यांचा टावर होता. स्टेशन कुठंही असो, ते 'टावरापासून डावीकडं' असे.

"गावाला तोंड पायजे, मास्तर," हे त्यांचं लाडकं वाक्य. "मुंबईला समुद्रावर कमान हाय, पुण्याला शनवारात वाडा हाय. आन कर्जतला? बटाटावडा. गाडी थांबते, लोकं वडा खातात, हात पुसतात, जातात."

म्हणून भातशेती करणाऱ्या या गृहस्थांनी दहिवलीच्या वाटेवर, स्वतःच्या खळ्यात, चाळीस फुटी मनोरा बांधला. नकाशा स्वतःच कोळशानं कणगीवर काढला होता. त्यामुळेच की काय, मनोराही मधे जरा फुगला. दर्शनी बाजू, नक्षी, खिडक्या, सगळं रुळांकडं. गावाकडं नुसती कोरी भिंत.

"अण्णा, गावाला पाठ का दावता वो?" टपरीवर म्हातारे डिवचत.

"गाववाल्यांना गाव ठावं हाय. गाडीतली लोकं बघतील, उतरतील, ऱ्हातील. टावर दिसल्यावर न बघणारा माणूस अजून जन्मला नाय."

गाडीतून उतरलो तो मी एकटा. खिडकीतून टावर दिसला, आणि असलं काही बांधणारं गाव वाढणारच, असं ठरवून मी टावर आणि रूळ यांच्या मधलीच जागा घेतली. "भूगोल शिकवता ना तुम्ही?" एवढंच बायको म्हणाली.

गाव वाढलं मात्र. टांगे टावरापाशी थांबू लागले. एक न्हावी आला, एक सायकलवाला आला. लग्नपत्रिकांवर 'टावरजवळ' छापून येऊ लागलं. शनिवारी अर्धी शाळा करून मी परतायचो, तेव्हा अण्णा टावरावर उभे असत. गावाची प्रगती पाहत असावेत, असं मी धरून चाललो होतो.

त्या प्रगतीत आपलाही वाटा असावा म्हणून मी घरावर मजला चढवायला काढला. विटा येऊन पडल्या, त्याच दुपारी अण्णा आले. टोपी हातात.

"मास्तर, मजला नका चढवू."

"गाव वाढायला तुम्हालाच हवं होतं ना?"

"वाढू द्या की. माज्या फुडं नको."

ते विटांवरच बसले. त्यांच्या लेकीनं, सुमननं, आपल्या मनानं लग्न केलं, तेव्हा 'माज्या दारात पाय ठेवू नको' असं अण्णांनीच तिला बजावलं होतं, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. तिची नोकरी पुण्याला आणि सासर ठाण्याला, ती दर शनिवारी दुपारच्या गाडीनं कर्जतवरून जाते, हे मला त्या दिवशी कळलं.

"मग बोलवा की तिला."

"कुठल्या तोंडानं?"

"वरून ती दिसते तरी का?"

"नाय दिसत."

"मग ती बघते कशावरून?"

अण्णांनी टोपी डोक्यावर नीट बसवली. "टावर दिसल्यावर न बघणारा माणूस अजून जन्मला नाय, मास्तर."

त्या विटांचा मी अंगणाला कट्टा बांधला. आमचं घर अजून बैठंच आहे. त्यावरून बायको मला चारचौघांत बोलते. पण शनिवारी गच्चीवर वाळत घातलेली लुगडी, ओली असली तरी, गाडीच्या आधी तीच काढून आणते.