कुठं लिहिलंय?

"काका, उद्या पाणी येणार नाही," असं सांगायला आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी गेले, तेव्हा वाघचौरे काकांनी दार उघडून एकच विचारलं, "कुठं लिहिलंय?"

"पाइपलाइनचं काम आहे. पालिकेच्या माणसानं सांगितलं."

"सांगितलं ते ऐकलं. लिहिलंय कुठं?"

सेक्रेटरी बिचारे खाली गेले आणि कागदावर सूचना लिहून फळ्यावर लावून आले. काकांनी चष्मा लावून ती वाचली आणि मगच बादल्या भरल्या. दुसऱ्या दिवशी पाणी आलं. सगळी इमारत सेक्रेटरींवर चिडली होती, काका मात्र खुशीत होते. मला जिन्यात गाठून म्हणाले, "मला तेव्हाच शंका आली होती. कागदावर सही नव्हती."

बदलापूर पूर्वेला, कात्रपमध्ये, काका आणि आम्ही एकाच मजल्यावर समोरासमोर राहतो. शमुवेल वाघचौरे हे मूळचे नगरकडचे ख्रिस्ती. त्यांची सगळी नोकरी अंबरनाथच्या एका कारखान्यात तयार माल तपासण्यात गेली. मशीनवरून उतरलेला नग हातात घ्यायचा, ड्रॉइंग समोर धरायचं, मापाचा गेज लावून बघायचा. बसला तर पास, नाही बसला तर लाल ठिपका. निवृत्त झाल्यावर नग यायचे थांबले, पण काकांचं तपासणं काही थांबलं नाही. ड्रॉइंगच्या जागी त्यांचं पवित्र शास्त्र आलं, आणि आम्ही सगळे नग झालो.

"धर्म म्हणजे कुणाला काय वाटतं ते नव्हे, कांबळे," ते मला सांगतात. "मशीनवरचा जॉब आहे तो. ड्रॉइंगप्रमाणे उतरला पाहिजे."

मी बौद्ध. ते मला सलाम म्हणतात, मी त्यांना जयभीम म्हणतो, आणि एकमेकांना सुधारायचा प्रयत्न आम्ही दोघंही करत नाही. निदान मी करत नाही.

या माणसाला दाद न देणारी एकच व्यक्ती होती, सुमनकाकू. मंगळवारी वांगीच का, हे कुठं लिहिलंय, असं काकांनी विचारलं की त्या स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "इथं मी लिहिते आणि मीच वाचते. तुम्ही जेवा." काका जेवायचे. दोन वर्षांपूर्वी काकू वारल्या. तेव्हापासून काकांच्या घरातून भांड्यांचा आवाज येत नाही, पानं उलटण्याचा येतो.

काकू गेल्या आणि अडचण उभी राहिली ती त्यांच्या कबरीची. कबर बांधून झाली, पण वरची शिळा काही लागेना. शिळेसाठीचा काळा ग्रेनाइट उल्हासनगरच्या एका संगमरवरवाल्याकडे पॉलिश होऊन पडून होता. त्यावर नावाखाली काय कोरायचं, हे काका ठरवत नव्हते. त्यांची मुलगी रिबेका अंबरनाथला बुवापाड्यात राहते, नर्स आहे. तिला दोनच शब्द हवे होते, 'पुन्हा भेटू'. काका म्हणाले, "कुठं लिहिलंय?" आणि विषय तिथंच थांबला.

ईस्टर जवळ आला तशी रिबेका माझ्याकडे आली. ईस्टरच्या पहाटे त्यांच्या चर्चची मंडळी मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जातात. "भाऊ, सगळ्यांच्या माणसांवर काहीतरी लिहिलेलं असतं. माझ्या मम्मीवर नुसती माती," ती म्हणाली. "पप्पा तुमचं ऐकतात. या ईस्टरला तरी दगड लागू दे." बोलताना तिनं डोळे पुसले, आणि माझं ऐकतात हे खरं नसूनही मी हो म्हणालो.

इथं मला माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मला सारखं वाटत राहतं की आपलं काहीतरी चुकलं. भाजीवालीनं कोथिंबिरीची काडी जास्त टाकली तरी दिवसभर खुपत राहतं. माझी बायको म्हणते, "तुम्हाला गुन्हा करायला सवड कुठंय? तो केला असं वाटण्यातच दिवस जातो." त्यामुळे मी शिळेचा विषय काढायला म्हणून काकांकडे गेलो, आणि दहा मिनिटांत स्वतःचंच गाऱ्हाणं सांगत बसलो. ऑफिसात साहेबांनी विनोद केला होता. मला तो कळला नव्हता, तरी मी हसलो होतो.

"रोमकरांस पत्र, तीन-तेवीस," काका म्हणाले. ते अध्याय आणि वचन असं सांगतात की जणू बसचा नंबर सांगावा. "पाप सगळ्यांनी केलंय. सगळ्यांनी. तू एकटाच मोठा लागून गेलास का?"

"मग सुटायचं कसं?"

"इफिसकरांस, दोन-आठ. कृपेनं. आपल्या कमाईनं नाही. फुकट."

"फुकट?"

"तेच लोकांच्या पचनी पडत नाही. मलाही जड गेलं. कारखान्यात मी आयुष्यात एक नग फुकट पास केला नाही. आणि इथं वरचा म्हणतो, लाल ठिपक्यासकट ये, माझ्या मुलानं तुझ्यासाठी भरलंय."

मला एकदम हलकं वाटलं, म्हणून मी आणखी एक चूक सांगायला तोंड उघडलं. काकांनी हात वर केला. "थांब. मी काही कबुली ऐकणारा फादर नाही. आमच्यात मध्ये माणूस बसत नाही, येशू एकच मध्यस्थ. पहिलं तीमथ्य, दोन-पाच. तू डायरेक्ट बोल. चहा घेणार?"

चहा प्यायलो आणि घरी आलो. शिळेचं राहूनच गेलं.

दुसऱ्यांदा गेलो तो रविवारी दुपारी. रविवारी काकांच्या हॉलमध्ये त्यांच्या मंडळीतल्या तरुण मुलांचा वर्ग असतो. विश्वासाचा एकेक मुद्दा घ्यायचा आणि तो शास्त्रात कुठं आहे ते दाखवायचं. मी कोपऱ्यात शंकरपाळ्यांच्या डब्याशेजारी बसलो. त्या दिवशी पुनरुत्थान होतं, म्हणजे येशू मेलेल्यातून उठला तो भाग, आणि काका रंगात आले होते.

"करिंथकरांस पहिलं पत्र, पंधरावा अध्याय. पत्र लिहिणारा पौल काय करतो? नुसतं उठला म्हणून सोडत नाही. साक्षीदार देतो. पेत्राला दिसला, बारा शिष्यांना दिसला, एकाच वेळी पाचशेच्या वर लोकांना दिसला. आणि पुढं म्हणतो, त्यातले बरेचसे अजून जिवंत आहेत. म्हणजे काय? जा, विचारा. याला म्हणतात रिपोर्ट. आणि खाली स्वतःच लिहितो, ख्रिस्त उठला नसेल तर आमचं सगळं बोलणं फोल. एवढी जोखीम कुठला सुपरवायझर घेतो, सांगा मला."

जॉइस नावाची कॉलेजातली मुलगी होती. ती म्हणाली, "अंकल, एक डाउट आहे. त्रैक्य हा वर्ड बायबलमध्ये कुठं लिहिलाय? मी सर्च मारला, मिळतच नाही."

सगळा वर्ग काकांकडे बघायला लागला. बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, म्हणजे त्यांच्या विश्वासाचा पायाच, आणि पायाखालीच मुलीनं गेज घातलेला. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"नाही लिहिलेला," ते म्हणाले. "शब्द मागाहून लोकांनी दिला. पण मत्तयचा तिसरा अध्याय उघड. पुत्र नदीत उभा आहे, आत्मा कबुतरासारखा उतरतोय, बापाचा आवाज वरून येतोय. तिघंही हजर. आणि शेवटच्या अध्यायात बाप्तिस्मा तिघांच्या नावानं द्यायला सांगितलंय. तिथं नाव एक म्हटलंय, नावं नाही म्हटलेली. तुला शंकरपाळ्या दोन जास्त." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "कांबळे, डबा पुढं सरकव. तू आलास की तो लवकर संपतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्ग पांगल्यावर थांबून बोलायचं ठरवलं होतं, ते धैर्यच राहिलं नाही. रिबेकाला फोन करून म्हणालो, "बोलणं चालू आहे." हे खोटं होतं, आणि ते मला पुढचे सगळे दिवस खुपत राहिलं.

शेवटी संगमरवरवाल्याचाच निरोप आला, दगड उचला, जागा अडलीय. मी काकांना स्कूटरवर मागं बसवून उल्हासनगरला नेलं. दुकानाचे मालक वयस्कर सिंधी, स्वभावानं गोड. त्यांनी ग्रेनाइटवरून फडकं फिरवलं. "देखो साईं, चेहरा दिसतो त्यात. बस लाइन द्या, दोन दिवसांत बसवून देतो. हे बघा, हे खूप चालतं. 'तुमची आठवण अमर राहील.'"

"कुठं लिहिलंय?" काका म्हणाले.

"साईं, कॅटलॉगमध्ये लिहिलंय."

"आठवण अमर राहत नाही. स्तोत्रसंहिता, एकशे तीन. माणूस म्हणजे शेतातलं फूल. वारा गेला की त्याची जागासुद्धा त्याला ओळखत नाही."

मालकांनी कॅटलॉग मिटलं. "असं लिहिलं तर माझं गिऱ्हाईक पळेल, साईं."

"प्रभूमध्ये झोपी गेली, असं चालेल?" मी विचारलं. त्यांच्या कबरस्तानात ते मी वाचलं होतं.

"शास्त्राप्रमाणे पास आहे. पहिलं थेस्सलनीका, चार. पण ती दुपारी कधी आडवी झाली नाही. तिलाच पटायचं नाही."

तेव्हा मी एकदाचं बोललो. "काका, 'पुन्हा भेटू' लिहा. रिबेकाला तेच हवंय. पुनरुत्थान आहे हे तुम्हीच मुलांना शिकवता. मग अडलंय कुठं?"

काकांनी ग्रेनाइटवरून हात फिरवला. ते बाहेर गेले आणि दुकानासमोर रचलेल्या फरश्यांवर बसले. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. ते रस्त्यावरच्या रिक्षा बघत होते.

"मत्तय, बावीस-तीस," ते म्हणाले. "लोकांनी प्रभूला विचारलं होतं, मेलेले उठल्यावर कोण कुणाची बायको. तो म्हणाला, तिथं लग्नं नसतात. तिथं देवदूतांसारखं असतं."

मीही फरश्यांवर टेकलो.

"ती उठेल. मीही उठेन. ते पक्कं आहे, त्याबद्दल मला काही शंका नाही. पण ती माझी सुमन म्हणून मला भेटेल, असं कुठं लिहिलंय? उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत बघितलं. परत पहिल्यापासून धरलं. रोज पहाटे तेच बघतो. नाही सापडत, कांबळे." त्यांनी तळहातावरची संगमरवराची धूळ झटकली. "मुलांना मी सांगतो, आपल्याला आवडतं ते शास्त्रात घुसवू नका. आणि तिच्या दगडावर मीच घुसवू?"

समोरच्या दारामागून येणारा पानं उलटण्याचा आवाज मी दोन वर्षं ऐकत होतो आणि अभ्यास चाललाय समजत होतो. आपण या माणसाला उगाच टोचलं, असं मला वाटलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "बायको म्हणून नाही तर नाही, पण काकू तुम्हाला ओळखतील तरी ना?"

काकांनी विचार केला. "ओळखेल. ओळखेल आणि पहिलं विचारेल, निघताना गॅस बंद केला होता का."

ते हसले, मीही हसलो. मग डोळे पुसत ते उठले आणि एकटेच आत गेले. मालकांशी बराच वेळ काही बोलणं चाललं होतं. बोटांनी मापं दाखवणं चाललं होतं. बाहेर आल्यावर म्हणाले, "चल, झालं." काय झालं ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

ईस्टरच्या पहाटे रिबेकानं मलाही बोलावलं. कबरस्तानात जिकडंतिकडं मेणबत्त्या लागल्या होत्या आणि लोक एकमेकांना "प्रभू उठला आहे" म्हणत होते. प्रत्येक शिळेवर वचन होतं आणि वचनाखाली त्याचा अध्याय होता. काकूंची शिळा नवी, काळी, चकचकीत. वर नाव होतं. त्याखाली मोठ्या अक्षरांत कोरलं होतं, 'पुन्हा भेटू'. आणि त्याच्या खाली हातभर जागा कोरी होती.

रिबेकानं मेणबत्ती खाली धरून बघितलं. "पप्पा, इथं काहीच नाही."

"संदर्भाची जागा आहे ती," काका म्हणाले. "मोकळी ठेवायला सांगितली. सापडला की कोरून घेईन."

"आणि नाही सापडला तर?"

"तर वर गेल्यावर लिहिणाऱ्यालाच विचारीन. आता फार उशीर नाही."

रिबेकानं त्यांचा दंड घट्ट धरला. गाणं सुरू झालं. तिच्या हातातल्या मेणबत्तीचं मेण ओघळून नेमकं त्या कोऱ्या जागेवर पडलं. काका कमरेत वाकले आणि अंगठ्याच्या नखानं ते हळूहळू खरवडून काढायला लागले.