वाऱ्याला विचारून सांगतो

लोणावळ्याच्या बाजारातून दत्तूमास्तर सायकलवरून निघाले की त्यांच्या मागच्या कॅरियरवर तांदळाचं पोतं बांधलेलं असायचं. चढ लागला की मास्तर मान वळवून त्या पोत्याला सांगायचे, "घट्ट धर हं, आता चढ आला." खड्डा लागला तर "लागलं का?" असं विचारायचे. पोतं काही बोलायचं नाही. तेवढ्यावर मास्तरांचं समाधान व्हायचं आणि ते पुढे जायचे.

आता यात माझं काय जात होतं म्हणा. पण बाजारात सायकलींचं दुकान माझं आणि मास्तरांची सायकल माझ्याच हातची. रोज कुणीतरी पान चघळत यायचं आणि विचारायचं, तुमच्या मास्तरांचं डोकं ठिकाणावर आहे ना? जसं काही ते डोकंही मीच बसवून दिलं होतं. त्यात पोत्याच्या भारानं मागच्या चाकाचे आरे तुटायचे आणि ते नीट करता करता माझे हात सोलून निघायचे. एकदा वैतागून मी म्हणालो, मास्तर, तांदूळ शिजवायचे असतात, फिरवायचे नसतात. मास्तर नुसते हसले आणि चाकात हवा बघून गेले.

माणूस काटकुळा. शाळेत भूगोल शिकवायचे. धोतराला चिमटे लावलेले, टोपी उडू नये म्हणून नाडीनं हनुवटीखाली बांधलेली. लग्न केलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची थोरली विधवा बहीण, अक्का. कुठल्याही प्रश्नाला मास्तरांचं उत्तर एकच, "वाऱ्याला विचारून सांगतो." मग तर्जनी जिभेला लावायची, वर धरायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. चहाला बोलवा, बारशाला बोलवा, आधी बोट वर. तळेगावचे एक गृहस्थ मुलीचं स्थळ घेऊन आले होते. त्यांनाही मास्तरांनी अंगणात नेऊन बोट वर केलं. गृहस्थ जे गेले ते पुन्हा लोणावळ्याला फिरकले नाहीत. शाळेच्या कौलांवर मास्तरांनी एक बांबू उभा करून त्याला जुन्या धोतराची पट्टी बांधली होती. हेडमास्तर ती काढायला लावायचे आणि सोमवारी ती परत फडफडताना दिसायची.

हा सगळा खटाटोप एका सफरीसाठी होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत दर्याकाठी सायकलनं जायचं. दरवर्षी पाडव्याला मास्तर माझ्या दुकानाच्या फळीवर बसून बेत सांगायचे आणि मी दरवर्षी ऐकायचो, कारण दुकान सोडून पळता येत नाही. पहाटे जमिनीवरून दर्याकडे मतलई वारा सुटतो, तेव्हा घाटाखालून किनाऱ्याकडे निघायचं, म्हणजे वारा पाठीवर. अलिबाग गाठलं की दुपारची वाट बघायची. दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो, तेव्हा दक्षिणेला वळायचं, म्हणजे तोही पाठीवर. आणि परतताना? तर रोहिणी नक्षत्र लागलं की वारा फिरतो, नैर्ऋत्येचा होतो. तो थेट घाटाच्या पायथ्यापर्यंत ढकलत आणतो. कृत्तिकेत जायचं, रोहिणीत यायचं, मृगाच्या आत घरात. सबंध सफरीत वारा एकदाही तोंडावर घ्यायचा नाही.

मी म्हणायचो, अहो, लोक जातात, घाम गाळतात आणि येतात. वाऱ्याची एवढी मनधरणी कशाला? आणि धरमतरची खाडी तरीच्या होडीतून ओलांडली की पलीकडे अलिबागेचा रस्ता, तर हे महाशय तरीत पाय ठेवणार नाहीत, नागोठण्याचा लांबचा वळसा घालणार. का, तर म्हणे होडीचं जमणार नाही. मी कपाळावर हात मारून घेतला.

वाऱ्याची खबर काढायला मास्तर कुठे जायचे ते ऐकाल तर हसाल. आठवड्याच्या बाजाराला कोकणातून सुकट विकायला कोळणी यायच्या. हा शुद्ध शाकाहारी ब्राह्मण नाकाला उपरणं लावून त्यांच्या पाट्यांपुढे उकिडवा बसायचा आणि तिकडे वारा कसा आहे, केव्हा पडतो, केव्हा उठतो, ते विचारत राहायचा. मास्तर मासे खायला लागले अशी आवई गावभर उठली. अक्कांनी म्हणे त्यांना आठ दिवस स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर जेवायला वाढलं.

आणि एवढं करून सफर काही निघायची नाही. कृत्तिका यायची, मास्तर बोट वर करायचे, मान हलवायचे आणि पोतं घेऊन खंडाळ्यापर्यंत जाऊन परत यायचे. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, असं लोक म्हणायला लागले. भात तर कॅरियरवर दिसतच होता.

मग एका चैत्रात तिकोणा पेठेचे सखारामआबा आंबेमोहोर घेऊन बाजारात आले. मास्तरांचे तांदूळ वर्षानुवर्षं त्यांच्याकडचेच. मास्तर माझ्या दुकानापाशी उतरले तसे आबांनी पोत्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "मास्तर, पोतं रोडावलंय की. लय फिरवलं का त्याला?"

सगळा बाजार हसला. मीही हसलो. मास्तर हसले नाहीत. मी त्यांच्याकडे बघितलं आणि माझं हसू तिथल्या तिथे विरलं.

आबा गेल्यावर मास्तर फळीवर बसले. कॅरियरवर पाठ टेकायला एक कठडा आणि खाली पाय ठेवायला फळी बसवून द्याल का, म्हणाले. मी विचारलं, पोत्याला पाय कधीपासून फुटले?

"पोत्याला नाही, अक्काला," मास्तर म्हणाले. "दरवर्षी चैत्रात तिला स्टेशनावरच्या मालाच्या काट्यावर उभी करतो आणि तिच्या वजनाइतके तांदूळ भरतो. दरवर्षी थोडे काढावे लागतात."

माझ्या हातात पाना होता, तो मी खाली ठेवला. अक्काला एकदा दर्या दाखवायचाय, एवढंच ते म्हणाले. मग इतकी वर्षं का नाही नेलंत, असं मी जरा रागानंच विचारलं. ते म्हणाले, भीती वाटते. वारा तोंडावर आला, दोघांचा भार ओढता ओढता मी मध्येच बसलो, तर तिला आणू कशातून?

कशातून म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी अक्कांनीच समजावलं. त्या स्वतः बैठक बघायला दुकानात आल्या. लाल अलवण, डोक्यावरून पदर, चिमणीएवढा जीव आणि आवाज मात्र अख्ख्या बाजारपेठेला पुरेल असा.

"मला बैलगाडी लागते, टांगा लागतो, आगगाडी लागते. मोटार तर नुसती दिसली तरी लागते. होडीचं नाव काढू नकोस. दाढ काढायला दत्तूनं मला सायकलवर नेलं, तेव्हा मात्र पोटातलं पाणी हललं नाही. म्हणून हा घोडा."

कठडा आवळता आवळता मी विचारलं, मग मुळात इथवर आलात कशा? त्यांनी सांगितलं. माहेर चौलच्या बाजूला, दर्याच्या अगदी काठी. प्लेगात आईवडील पाठोपाठ गेले. यांचं कपाळ त्याआधीच पांढरं झालेलं, आणि दत्तू नुकता बोलायला लागलेला. मामा तळेगावला. त्याच्याकडे निघाल्या तर खोपोलीत गाडीवानानं यांच्या ओकाऱ्यांना कंटाळून दोघांना उतरवून दिलं. मग दत्तूला कडेवर घेतला आणि घाट चालत चढल्या. त्यानंतर दर्या काही दिसला नाही.

"आता तू ते बोल्ट नीट आवळ," अक्का म्हणाल्या. मी आवळले. ब्रेकला नवीन रबर घातलं, नवे आरे घातले, आणि आयुष्यात पहिल्यांदा एका सायकलला मनोभावे नमस्कार केला.

कृत्तिका लागल्या. मास्तरांनी बोट वर केलं. अक्कांनी ते धरून खाली ओढलं आणि म्हणाल्या, वाऱ्याला मी विचारलंय, तो चला म्हणतोय. पहाटेच दोघं निघाले. बाजारात नाकं मुरडणारे कमी नव्हते. सोवळी बाई सायकलवर बसते म्हणजे काय, असं एक सद्गृहस्थ माझ्या दुकानात येऊन बोलले. त्यांची सायकल पंक्चर होती. मी म्हणालो, आज वारा बरोबर नाही, उद्या या.

पुढचे दिवस माझे काही चांगले गेले नाहीत. मी रोज सकाळी शाळेच्या कौलांवरची पट्टी बघायला जायला लागलो. आधी कुणी नाही बघून आणि मग उघड उघड बोट ओलं करून वर धरायला लागलो. बायको म्हणाली, लागला मास्तरांचा गुण. रोहिणी लागली, मावळात धूळपेरणी सुरू झाली. सखारामआबा बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "मास्तर न्हाई आलं अजून? आभाळ तर भरून याया लागलंय." मी त्यांच्यावर उगाच खेकसलो. वारा वायव्येचाच होता. म्हणजे येताना तो तोंडावर येणार होता आणि मास्तर मध्येच बसणार होते.

मग एका सकाळी पट्टी फिरली. नैर्ऋत्येचा वारा, दमदार, खारट. निदान मला तरी तो खारट लागला. एक दिवस कसाबसा काढला आणि दुसऱ्या दिवशी दुकान बंद करून मी घाटाकडे सुटलो.

त्या संध्याकाळी बाजारात जे झालं ते सगळ्यांनी बघितलं. मास्तर सायकल चालवत आले, रापून काळेठिक्कर, आणि मागे कठड्याला पाठ टेकून अक्का बसलेल्या, मांडीवर माहेरच्या वाडीतला नारळ, चेहरा असा की जणू गावाची सनद मिळाली आहे. शाळेच्या पोरांनी घंट्या वाजवत त्यांना घरापर्यंत नेलं. नाकं मुरडणारे सद्गृहस्थ ओट्यावर उभे होते. अक्कांनी त्यांना ओरडून सांगितलं की एकदासुद्धा ओकले नाही, कुणालाही विचारा. हेडमास्तरांनी ती पट्टी पुन्हा कधी काढायला लावली नाही.

पण त्याआधी दुपारी मी जे बघितलं ते दुसऱ्या कुणी बघितलं नाही. खंडाळ्याच्या खाली घाटाच्या एका वळणावर मी झाडाखाली थांबलो होतो. खालून सायकल वर येताना दिसली. मास्तर ती ढकलत होते. एक हात हँडलवर, एक खोगिरावर, टोपी घामानं भिजलेली. पाठीवर वारा होता, तरी घाट तो घाटच. अक्कांनी उतरून चालायचा हट्ट धरला असणार आणि मास्तरांनी तो मोडला असणार. मी हात लावायला पुढे झालो.

तेवढ्यात समोरचा उभा चढ बघून अक्का वाकल्या, मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाल्या, "घट्ट धर हं, आता चढ आला."

"धरलंय, अक्का," मास्तर म्हणाले. लहान पोरानं म्हणावं तसं म्हणाले.

मी होतो तिथेच थांबलो. माझे डोळे भरून आले. पोत्याला सांगायचे ते शब्द मास्तरांनी कुठून उचलले होते ते मला त्या वळणावर कळलं. मी झाडामागे सरलो आणि तो चढ त्या दोघांना चढू दिला.