ऊट-ऊठ प्रकरणी मष्णूआप्पांच्या स्वारीची हकीकत

श्रीचांगळेश्वरी प्रसन्न. शके अठराशे एकोणपन्नास, प्रभवनाम संवत्सरी, माघमासी, राजमान्य राजश्री मष्णूआप्पा येळ्ळूरकर यांणी बैलहोंगलप्रांती होणारे व्याही यल्लाप्पा यांचे पंगतीवर स्वारी केली, तिचे वर्तमान जैसे घडले तैसे लिहितो.

पूर्वपीठिका ऐसी जे, तरुणपणी आप्पा बेळगावच्या बाजारात एका कानडी दुकानदाराच्या पायरीवर अंमळ टेकले असता त्याने मायेने पुसिले, "ऊट आयता?" म्हणजे जेवण झाले का. आप्पांच्या कानी आले, "ऊठ, आयत्या!" आणि ते तत्क्षणी उठले, आणि तो डंख काळजात जतन केला. मग कबिला गुणाबाईसाहेब यांणी अर्ज केला, "अवं, ऊट म्हंजे जेवान." बाईसाहेब भोळ्या, ऐसा निवाडा झाला. मग शाळामास्तर समजावू आले, ते फितूर ठरले. मग खुद्द दुकानदार गूळ घेऊन आला, तेव्हा कट थोर आहे याविषयी आप्पांची खातरजमा जाहली. जितका पुरावा दाखल होई, तितका बुरूज मजबूत होई.

त्यात कन्या कल्याणी इची सोयरीक बैलहोंगली जुळली. स्थळ उमदे, आणि गुणाबाईसाहेबांपुढे आप्पांची हुकमत चालत नसे. मात्र मुलीच्या बापाने ताट न उष्टावता पाय काढिला तर सोयरीक मोडली, हा दस्तूर.

पंगत बसली. यल्लाप्पांनी हात जोडिले, "ऊट माड्री, आप्पा." म्हणजे जेवावे. आप्पा उठले. यल्लाप्पा घाबरले आणि दुप्पट अदबीने म्हणाले, "ऊट माड्री, ऊट!" आप्पा उंबऱ्याशी उभ्या गुणाबाईसाहेबांपाशी पोचले.

"दोनदा म्हनला. ऐकलीस न्हवं?"

"ऐकलं. आता घरला जाऊन लेकीला काय सांगू, त्ये बी तुमीच सांगा," गुणाबाईसाहेब वदल्या.

प्रसंग बिकट गुदरला. एकीकडे लेक, एकीकडे मत. आप्पांच्या मेंदूने मोठी शर्थ केली आणि फर्मान सुटले, "ऊठ म्हनला, उठलो. जेवू नगो म्हनला न्हाय. ताट हिकडं आना रं."

आणि उंबऱ्यात उभ्याने हुग्गीस, म्हणजे गव्हाच्या खिरीस, हात घातला. यल्लाप्पांस वाटले, येळ्ळूरची रीतच ऐसी. मग पाहुण्यांचा मान राखावा म्हणोन तेही ताटासह उठले, आणि मग सारी पंगत उठली, आणि म्हातारे काठी बगलेत दाबून कढी पिऊ लागले.

आप्पांनी चौफेर नजर टाकिली. "बग गं. सगळ्यास्नी उठिवलं. आता सांग, ऊट म्हंजे काय?"

बाईसाहेबांणी त्यांच्या ताटात आणखी हुग्गी वाढविली.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. ताट उष्टे झाले, सोयरीक पक्की झाली, समस्त बैलहोंगल उठले. आप्पांचे मत मात्र बसल्या जागचे उठले नाही. सबब नोंद केली असे.