गणोजीरावांचा पहिला हात

गणोजीराव निरभ्र आभाळाखाली छत्री उघडून चालत. "पाऊस आल्यावर उघडली तर तो जिंकला की!" असं त्यांचं म्हणणं.

गवीपुरातल्या आमच्या गल्लीत ते सगळ्यांचे अण्णा. शाळेत ड्रिलमास्तर होते. निवृत्त झाले तरी शिटी गळ्यातच असे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात मुरलेलं, त्यामुळे मराठीत कानडी आपसूक यायची. मी निपाणीहून नोकरीसाठी आलो आणि त्यांचा भाडेकरू झालो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला खडसावलं, "सकाळी रेडिओ मोठ्यानं लावायचा नाही."

"माझ्याकडे रेडिओ नाही, अण्णा."

"घ्याल. तेव्हाचं आत्ताच सांगून ठेवलं. सरी? ठीक ना?"

गवळ्याशी ते दूध मापायच्या आधी भांडत. "उद्या पाणी घालणार तू. त्याची बोलणी आजच खा!" न्हाव्यानं वस्तरा उघडला की, "कापलंस!" म्हणून ओरडत. बिचारा त्या दचक्यानंच कापायचा. "पहिला हात आपला," हे त्यांचं ब्रीद. समोरच्याच्या डोळ्यांत मार दिसला की वाट पाहायची नाही, हेच त्यांनी शाळेतल्या पोरांनाही शिकवलेलं. आम्ही हसायचो.

मग चीनशी लढाई सुरू झाली आणि गल्लीतलं हसणं कमी झालं.

गल्लीच्या तोंडाशी लिऊ डॉक्टरांचा दातांचा दवाखाना होता. त्यांचे वडील चीनहून आलेले. डॉक्टर मात्र इथेच जन्मले, इथेच वाढले. अण्णांची कवळी त्यांनीच बसवलेली. एका संध्याकाळी वीसेक माणसं दवाखान्यापुढे जमली. पुढे होता परशुराम. गिरणीत कामाला, अण्णांचा जुना विद्यार्थी. त्याचा धाकटा भाऊ सरहद्दीवर होता आणि कित्येक दिवसांत त्याचं पत्र नव्हतं.

अण्णा काठी घेऊन दवाखान्याच्या पायरीवर उभे राहिले. मी त्यांच्या मागे. खरं सांगायचं तर बराच मागे.

"बाजूला व्हा, मास्तर," परशुराम म्हणाला. "हा डॉक्टर तिकडे चीनला बातम्या पोचवतो."

"पाहिलंस तू?"

"पाहीपर्यंत थांबायचं? तुम्हीच शिकवलंत ना, पहिला हात आपला!"

अण्णांनी काठीवरची मूठ आवळली. तेवढ्यात परशुरामचा उजवा हात खिशात गेला, आणि अण्णांची काठी खाली आली. मनगट मोडल्याचा आवाज मलाही ऐकू आला. परशुराम ओरडत खाली बसला. बाकीचे एकमेकांकडे बघत मागे सरले आणि पांगले.

दार उघडून लिऊ डॉक्टर बाहेर आले. परशुरामपुढे बसून त्यांनी फळी लावली आणि त्याचा हात बांधला.

"भिऊ नका, डॉक्टर," अण्णा धापा टाकत म्हणाले. "आता कोणी येत नाही."

डॉक्टरांनी पट्टीची गाठ मारली. मान वर न करता ते म्हणाले, "यानं अजून काहीच केलं नव्हतं, अण्णा. माझ्यासारखंच."

दुसऱ्या दिवसापासून अण्णा परशुरामच्या खोलीवर जाऊ लागले. तो एकटाच राहायचा. अण्णा त्याला आंघोळ घालत, सदऱ्याच्या गुंड्या लावून देत, भात कालवून भरवत. डबा घेऊन मी सोबत असे. परशुराम खाली बघत घास घ्यायचा.

अशात एक दिवस भावाचं पत्र आलं. तो सुखरूप होता. अण्णांनी पत्र दोनदा वाचून दाखवलं. परशुराम भिंतीकडे तोंड करून बराच वेळ रडला. मग तोंड पुसून पुन्हा ताटाशी येऊन बसला.

अण्णांनी भात कालवायला घेतला. "परशुराम," ते हळूच म्हणाले, "त्या दिवशी खिशात काय होतं?"

"दगड होता, मास्तर."

अण्णांचा चेहरा क्षणभर सैल झाला.

"पण मारला असता का, ते माहीत नाही," परशुराम म्हणाला. "रोज आठवून बघतो. कळतच नाही."

अण्णांचा हात ताटात तसाच थांबला.

"मीपण रोज आठवतो," ते म्हणाले, आणि घास त्याच्या तोंडाजवळ नेऊन, त्यानं तोंड उघडायची वाट पाहत बसले.