दहा गोठे, पाव गोठा

आमच्या गल्लीची रुंदी अकरा फूट आहे. मी टेपने मोजली आहे. त्यातले साडेतीन फूट मधुकर सरांची खुर्ची घेते. घराला चांगला ओटा आहे, पण संध्याकाळी सर खुर्ची टाकणार ती गल्लीतच. लोधीखेड्याहून थकून परतताना त्यांच्या दारासमोर मला स्कूटरचा ब्रेक दाबावाच लागतो.

"कुठून येऊन राहिला बाबू?"

"कामावरून, सर."

"जेवण झालं?"

सहा वाजता कोणाचं जेवण होतं? पण उत्तर दिल्याशिवाय सर पाय आत घेत नाहीत.

सरांनी सौंसरहून रोज बसने जाऊन पांढुर्ण्याच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. रिटायर झाले तेव्हा तिथून एक शब्द सोबत घेऊन आले: क्रॉस सेक्शन. येणारा कण समोरच्याला धडकण्याची शक्यता किती, त्याचं हे माप. "कण केवढा हाय ते नाही सांगत हे," सर म्हणतात. "जाणाऱ्याले तो केवढा वाटते, ते सांगते." मापाचं एकक बार्न, म्हणजे सरांच्या भाषेत गोठा. गोठ्याला दगड मारला तर नेम चुकत नाही, म्हणून शास्त्रज्ञांनी गमतीने हे नाव ठेवलं म्हणे.

सर हे माप माणसांनाही लावतात. बसस्टँडवरच्या चहावाल्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय कोणी नागपूरची बस धरत नाही, म्हणून तो दहा गोठे. पंगतीत वाढपी माझ्यापुढून तसाच निघून जातो, म्हणून मी पाव गोठा. "भाजी नाही मिळाली त्यात वाढप्याचा काय दोष? तुझा क्रॉस सेक्शनच कमी हाय." माझी बायको अजून हे पाहुण्यांना सांगते.

एकदा कंटाळून मी विचारलं, "सर, ओट्यावर काऊन नाही बसत जी?"

"वेग, बाबू. न्यूट्रॉन हळू आला तर अणू त्याले पकडते. जोरात आला का गेला निघून. तुम्ही सारे जोरातच येऊन राहिले. मंग कोणाले तरी वेग कमी करावा लागते ना?"

मी स्कूटर सुरू केली.

मग संत्र्याचा मोसम आला. क्रेटांनी भरलेली एक ट्रॉली वळताना खुर्चीला घासली आणि सर खुर्चीसकट आडवे झाले. कोपर सोलवटलं, एवढ्यावर निभावलं. गल्लीतल्या लोकांनी ठरवलं, आता सरांना सांगायचंच. आकड्यांचा माणूस म्हणून मला पाठवलं.

"सर, ट्रॉली साडेसहा फुटांची. खुर्ची साडेतीन. उरला एक फूट."

सरांनी कोपरावरची पट्टी नीट केली. "हिशोब बरोबर हाय. उद्यापासून ओट्यावर बसतो."

मी मोठ्या वादाची तयारी करून गेलो होतो. तो झालाच नाही.

दुसऱ्या दिवसापासून गल्ली मोकळी झाली. मोटरसायकली सुसाट जाऊ लागल्या. मीही ब्रेक न दाबता घरी पोचू लागलो. ओट्यावरून सर हात वर करायचे, काहीतरी विचारायचे. इंजिनाच्या आवाजात ऐकू यायचं नाही. जेवणाचंच असावं. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, गेल्यापासून हे सरांना विचारणारं घरात कोणी उरलेलं नाही, हे माझ्या त्या मोकळ्या गल्लीत लक्षात आलं.

शुक्रवारी गल्लीच्या तोंडाशीच मी इंजिन बंद केलं आणि स्कूटर हाताने ढकलत आलो. ओट्यापाशी थांबलो.

"पेट्रोल संपलं का रे?"

टाकी मी सकाळीच भरली होती, पावती खिशात होती.

"हो जी, सर."

"मंग जराक बस."

ते आत गेले आणि काकूंची खुर्ची घेऊन आले. खांद्यावरच्या दुपट्ट्याने ती पुसू लागले. धूळ केव्हाच निघाली होती, तरी पुसतच राहिले.