रिकाम्या चमच्याची रंगीत तालीम

आमच्या लोहारा गावात सल्ला मागावा लागत नाही, तो दार ढकलून आत येतो! माझ्या जुळ्या पोरी, गौरी आणि चैताली, घास थुंकायच्या. वजन हलेना, माझा जीव टांगणीला. सासूबाई म्हणत, "भाताची पेज दे." शेजारच्या चन्नम्माकाकू म्हणत, "ज्वारीची!" पुरावा दोघींकडं शून्य. मी संख्याशास्त्रातली एम.एस्सी.! ठरवलं, प्रयोगच करायचा. पण आधी प्रयोगाची परीक्षा!

"गौरीला भात, चैतालीला ज्वारी. झालं!" नवरोबा मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाले.

"आणि गौरी मुळातच खादाड असली तर? श्रेय भाताला?"

"मग दोघींना आधी आठवडाभर भात, नंतर ज्वारी."

"अहो, तेव्हाच दात आले तर? बदनाम ज्वारी!"

"तू आधी जेव," म्हणे. इंजिनिअर आहेत!

शेवटी माझीच योजना पक्की: दोघींनाही दोन्ही पेजा, आलटून पालटून, क्रम चिठ्ठी टाकून. पण दोन पोरी, दोन वाट्या एकटीला झेपतील का? म्हणून पोरींना दूध पाजून रिकाम्या वाट्यांनी तालीम सुरू केली. गौरीनं आ केला, रिकामा चमचा. चैतालीनं आ केला, रिकामा चमचा. झकास!

दारात चन्नम्माकाकू.

"अगं बया! रिकामा चमचा चाटवायलीस व्हय लेकरायला?"

"काकू, ही तालीम आहे. खरं उद्यापासून."

"उद्या? तवर उपाशी?"

खुलासा ऐकायला थांबतील त्या काकू कसल्या! दुपारपर्यंत गल्लीभर झालं, 'शिकलेली सून पोरी उपाशी ठिवायली!' कुणी शिरा आणला, कुणी वरणभात, कुणी केळं. अंगणात जणू बारशाची पंगत! माहेराहून, बेंबळीतून, आईचा रडत फोन. आणि माझ्या फितूर पोरी? ज्याच्या त्याच्या हातून मटामट खात होत्या!

"कशामुळं खाल्लं? शिऱ्यामुळं की गर्दीमुळं? आता कसं कळणार?" मी ओरडले.

"खाल्लं नव्हं? मग बास की!" सासूबाई म्हणाल्या. यांच्यापुढं कुठलं संख्याशास्त्र टिकणार!

दुसऱ्या दिवशी खरा प्रयोग. गरम पेज, भरलेला चमचा. गौरीनं आधी चमच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि ओठ घट्ट मिटले. चैतालीनं तर मानच फिरवली. सासूबाईंनी तोच चमचा हातात घेतला, तर दोघींचे आ!

हल्ली पोरींचं वजन वाढतंय. कशामुळं, ते विचारू नका. भरवतात चन्नम्माकाकू. मला फक्त वाटी धरू देतात, तीही काकूंनी आत डोकावून पाहिल्यावर!